दाताच्या रंगाची कॅप टिकते ती आतल्या सिमेंटवर

झिरकोनियाची किंवा ई-मॅक्सची, म्हणजे दाताच्या रंगाच्या सिरॅमिकची कॅप लावून घेणारे जवळपास सगळे पेशंट दोन गोष्टी विचारतात, कंपनी कुठली आणि वॉरंटी किती वर्षांची. लॅबचं ते चकचकीत कार्ड हातात पडलं की समाधान होतं, आधार कार्डामागे पाकिटात जपून ठेवतात. पण ताई, ही कॅप तुम्ही चिकटवणार कशाने, असं विचारणारं माणूस अगदी एखादं. मला हे फार खटकतं, कारण कार्डावरची ती दहा वर्षं असतात कॅप तुटण्याफुटण्याबद्दल, आणि कॅप व दात यांच्यामध्ये जो ५० ते १०० मायक्रॉनचा, म्हणजे फार तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका सिमेंटचा थर असतो त्याबद्दल माझ्या पाहण्यातल्या एकाही कार्डावर एक ओळ नाही. झिरकोनिया सहसा फुटत नाही हो, निघून येतो. आणि निघाला तर कारण बहुतेक वेळा त्या थरात असतं, म्हणजे कॅप बसवण्याच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत काय केलं आणि काय करायचं राहिलं त्यात.

मी इंदूरला दातांची डॉक्टर आहे, सुदामा नगरच्या बाजूला छोटं क्लिनिक, निम्मे पेशंट आपले मराठी. निघालेली कॅप घेऊन कोणी आलं की मी आधी कॅप उलटी करून तिची आतली बाजू बघते, मग दात. चष्म्याला भिंग लावून नीट उजेडात बघितलं तर तिथं सगळं लिहिलेलं असतं. मागे लोकमान्य नगरच्या एक काकू आल्या, खालची दाढ, झिरकोनियाची कॅप, "ताई, ही परत परत निघून राहिली, दातच खराब आहे का माझा?" कॅप आतून एकदम स्वच्छ, नवीन भांड्यासारखी, आणि सिमेंट सगळंच्या सगळं दातावर. त्या सिमेंटवर बारीक समांतर रेघा होत्या, मशीनमध्ये कॅप कोरताना आतून बरच्या, म्हणजे कोरायच्या टोकाच्या ज्या रेघा उमटतात ना, त्यांचा हुबेहूब ठसा. म्हणजे सिमेंट कॅपच्या आत शेवटपर्यंत पोचलं होतं, भरपूर होतं, पक्कंही झालं होतं, दाताला घट्ट धरून होतं, फक्त झिरकोनियाला ते कधी चिकटलंच नव्हतं. काकूंच्या दाताचा यात काहीच दोष नव्हता.

याच्या उलट असतं तेव्हा दात कोरडा, पांढरट, कॅपसाठी घासून आकार दिलेला जसाच्या तसा आणि सगळं सिमेंट कॅपच्या पोटात. तिथं दाताची बाजू कमी पडली, म्हणजे बसवताना ओल होती, हिरडीतून रक्त येत होतं, किंवा आधीच्या टेम्पररी सिमेंटचा पातळ थर तसाच राहिला होता. टेम्पररी सिमेंटात युजेनॉल असेल, म्हणजे तो लवंगेच्या तेलाचा वास येतो ते, तर रेझिन, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचं चिकटवायचं सिमेंट, नीट पक्कं होत नाही, म्हणून रेझिनने चिकटवायचं असेल तर टेम्पररीसुद्धा युजेनॉल नसलेलं हवं. आणि तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, दोन्हीकडे थोडं थोडं, भुसभुशीत, वास येणारं, काठापासून आत आत विरघळत गेलेलं सिमेंट आणि त्याच्या खाली किडलेला दात. ही कॅप निघाली तेव्हा कळलं, पण आतलं काम कितीतरी आधीपासून चालू होतं.

आता झिरकोनियाला सिमेंट का चिकटत नाही ते सांगते, कारण इथंच सगळ्यात जास्त गोंधळ आहे, आणि तो पेशंटपेक्षा आमच्या लोकांत जास्त आहे. ई-मॅक्स म्हणजे लिथियम डायसिलिकेट, त्यात काच असते. काचेवर हायड्रोफ्लोरिक ॲसिड लावलं की काचेचा भाग विरघळतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो, मग त्यावर सायलेन लावायचं, ते एका हाताने काचेला धरतं आणि दुसऱ्या हाताने रेझिनला. १९८३ च्या आसपास हे पोर्सिलेनवर करून दाखवलं गेलं आणि तिथून व्हिनियरचा, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायच्या पातळ पापुद्र्याचा, खरा जमाना सुरू झाला. ई-मॅक्सला ५ टक्क्यांचं ॲसिड २० सेकंद पुरतं, जास्त वेळ ठेवलं तर जास्त चिकटेल असं समजून मिनिटभर ठेवणारे आहेत, त्याने उलट सिरॅमिक कमकुवत होतं.

झिरकोनियात काचच नाही. ते नुसते घट्ट बसलेले स्फटिक आहेत, म्हणून तर त्याची ताकद १००० मेगापास्कलच्या घरात जाते आणि ई-मॅक्सची त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण काच नाही म्हणून नेहमीच्या ॲसिडचा उपयोग शून्य, आणि नुसत्या सायलेनला धरायला काही नाही. त्याला लागतं बारीक ॲल्युमिनाचं सँडब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने दाणे मारून आतली बाजू खडबडीत करणं, ५० मायक्रॉनच्या दाण्याने, प्रेशर कमी ठेवून, आणि मग एमडीपी नावाचं चिकटवणारं रसायन असलेला प्रायमर (सिमेंटच्या आधी लावायचा पातळ हात) किंवा सिमेंट. हा एमडीपी जपानच्या कुरारे कंपनीचा, १९८० च्या दशकातला, पानाव्हिया सिमेंटमधून तो दंतवैद्यकात आला, तेव्हा तो धातूला चिकटवायला वापरत होते, झिरकोनियाच्या कॅप तर खूप नंतर आल्या. त्याच्या एका टोकाला फॉस्फेट असतो, तो झिरकोनियाला धरतो, दुसरं टोक रेझिनमध्ये मिसळून जातं.

आणि इथंच ती चूक होते जी काकूंच्या कॅपमध्ये झाली असावी असा माझा अंदाज आहे. कॅप चिकटवायच्या आधी तोंडात घालून बघावीच लागते, बसते का, चावताना उंच लागते का. तेवढ्यात तिला आतून लाळ लागते, आणि लाळेतसुद्धा फॉस्फेट असतो, तो जाऊन झिरकोनियावर नेमक्या त्याच जागा अडवून बसतो जिथं एमडीपीला बसायचं होतं. पाण्याने धुतलं तरी तो निघत नाही. मग काही जण सवयीने, दाताला लावतो तेच निळं फॉस्फोरिक ॲसिडचं जेल कॅपच्या आत लावतात, स्वच्छ होईल म्हणून! अहो, त्याने उरलेल्या जागापण फॉस्फेटने भरून जातात. ई-मॅक्सवर हे जेल साफसफाईला चालतं, झिरकोनियावर अजिबात नाही. झिरकोनियाला ट्राय-इन, म्हणजे तोंडात घालून बघणं, झाल्यावर परत हलकं सँडब्लास्ट करा, नाहीतर त्यासाठी मिळणारी खास क्लीनिंग पेस्ट लावा, धुवा, वाळवा, मग प्रायमर. पाच मिनिटांचं काम आहे. काकूंची तीच जुनी कॅप मी साफ करून, ब्लास्ट करून, एमडीपीवाल्या सिमेंटने परत बसवली, नवीन कॅपची गरजच नव्हती, आणि त्यांना दात काढून इम्प्लांट लावायचा सल्ला मिळालेला होता. हे ऐकलं तेव्हा मला फार राग आला होता, अजूनही आठवलं की येतो.

दाताच्या बाजूची गोष्ट वेगळी. दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल, आणि त्याच्या आतलं डेंटिन, दोन्ही चिकटण्याच्या बाबतीत जमीन-अस्मान. इनॅमलवर ॲसिड लावून रेझिन चिकटवायची कल्पना अमेरिकेतल्या मायकल बुनाकोर यांनी १९५५ मध्ये मांडली, तेव्हा ८५ टक्क्यांचं ॲसिड वापरलं होतं, आज आम्ही ३५-३७ वापरतो. इनॅमलवरचा हा बाँड वर्षानुवर्षं तसाच राहतो, कारण तिथं पाणी जवळपास नाही. डेंटिनमध्ये बारीक नळ्या आहेत, त्यात पाणी आहे, कोलॅजन नावाचं प्रोटीन आहे, आणि दाताचीच काही एन्झाइम्स आहेत जी उघड्या पडलेल्या कोलॅजनला हळूहळू खात राहतात, सोबत पाणी रेझिनला आतून फोडत राहतं. म्हणजे पहिल्या दिवशी छान चिकटलेला बाँड काही वर्षांनी कमजोर होत जातो, पेशंटने काहीही चुकीचं केलं नसतानाही. २ टक्के क्लोरहेक्सिडीन लावून ठेवल्याने हे कमी वेगाने होतं असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय, थांबतं मात्र नाही. म्हणून मी समोरच्या दातांवर व्हिनियर करताना जितकं होईल तितकं इनॅमलमध्येच राहते, जास्त घासून जाड व्हिनियर बसवणं मला पटत नाही, कितीही सुंदर दिसलं तरी. लग्न पंधरा दिवसांवर आलंय म्हणून मुली येतात, आठ-आठ दात एकदम घासून द्या म्हणतात, त्यांना मी खुर्चीवर बसवून आरशात दाखवते की बाळा हे कवच परत येत नाही.

व्हिनियरच्या सिमेंटबद्दल अजून एक. ड्युअल क्युअर सिमेंट, म्हणजे खास लाइट मारूनही आणि आपोआपही पक्कं होणारं, त्यात बहुतेकदा अमाइन नावाचं रसायन असतं आणि ते वर्षं गेली की पिवळसर पडतं. जाड कॅपखाली कळत नाही, पण अर्धा मिलिमीटरच्या पातळ व्हिनियरमधून तो रंग वर दिसायला लागतो आणि मग पेशंट म्हणतो दात पिवळे पडले. तिथं फक्त लाइटने पक्कं होणारं सिमेंट बरं. उलट जाड झिरकोनियाखाली लाइट नीट पोचतच नाही, तिथं फक्त लाइटवालं वापरलं तर आत ते अर्धं कच्चं राहील, तिथं ड्युअलच हवं.

आता कोणी म्हणेल की मग जुनी सिमेंटं बेकार होती का. नाही हो, बिलकुल नाही. झिंक फॉस्फेट एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय, आम्ही कॉलेजात काचेच्या थंड स्लॅबवर ते घोटायला शिकलो. मे महिन्यात इंदूरचा पारा बेचाळीसच्या वर, स्लॅब थंड पाण्याखाली धरायची, खडखडीत पुसायची कारण वर पाण्याचा थेंब राहिला तर सगळं बिघडतं, मग पावडरचे बारीक बारीक भाग करून एक-एक भाग स्लॅबभर पसरत घोटायचा, आणि स्पॅच्युला उचलला की तार यायला हवी. ते दाताला चिकटत नाही, फक्त खाचाखोचांत अडकून बसतं, तरी त्याने बसवलेल्या धातूच्या कॅप घेऊन तीस-तीस वर्षं गरादू, म्हणजे आमच्याकडचा तळलेला कंद, खाणारे आजोबा माझ्याकडे अजून येतात. कारण त्या काळी दात घासायचेच असे की भिंती उंच, जवळपास समांतर, कॅपला निघायला एकच रस्ता. पांढऱ्या पारदर्शक कॅपखाली मात्र ते अपारदर्शक म्हणून उठून दिसतं, शिवाय सुरुवातीला बरंच आम्ल असतं.

मग १९६८ ला मँचेस्टरचे डेनिस स्मिथ यांचं पॉलिकार्बोक्झिलेट, दाताला रासायनिक रीतीने चिकटणारं पहिलं सिमेंट, आणि त्यानंतर लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट यांनी केलेलं ग्लास आयनोमर, जे दातातल्या कॅल्शियमला धरतं आणि थोडं थोडं फ्लोराइड सोडतं. आपल्याकडच्या बहुतेक क्लिनिकांमध्ये कॅप आजही ग्लास आयनोमरनेच बसते, स्वस्त आहे, सोपं आहे. ते वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. दात उंच असेल, दाढेला निदान ४ मिलिमीटर भिंत मिळत असेल, घासलेला उतार कमी असेल, तर झिरकोनियाची कॅप ग्लास आयनोमरवर किंवा रेझिन मिसळलेल्या ग्लास आयनोमरवर आरामात राहते, मी स्वतः तेच वापरते, उगाच पेशंटला महाग सिमेंटचे पैसे लावत नाही. फक्त पहिल्या काही मिनिटांत त्याला पाणी लागू द्यायचं नाही, काठ धुऊन गेला तर तिथूनच पुढे गळती. पण दात बुटका असेल, आरसीटी म्हणजे रूट कॅनल झालेला, वर फारसं काही उरलेलं नाही, तिथं नुसत्या सिमेंटच्या अडकण्यावर भागत नाही, तिथं खरं चिकटवावं लागतं. पातळ सिरॅमिक, इनले, ऑनले (पूर्ण कॅपऐवजी दाताच्या थोड्याच भागावर बसवायचे सिरॅमिकचे तुकडे), व्हिनियर यांना तर रेझिनशिवाय पर्याय नाही, कारण चिकटून दाताशी एकजीव झाल्यावरच त्या सिरॅमिकला चावण्याची ताकद येते, नाहीतर ते तडकतं.

२००२ मध्ये सेल्फ-ॲडहेसिव्ह रेझिन सिमेंटं आली, दाताला ॲसिड नको बाँड नको, सरळ कॅपमध्ये भरा आणि बसवा. फार सोयीचं आहे, मीही वापरते, पण सोयीमुळे एक सवय लागली की कॅपच्या आतल्या बाजूची तयारीही नको. तिथं माफी नाही. आणि इनॅमलवर हे सिमेंट वेगळ्या ॲसिड-बाँडइतकं पकडत नाही, तेव्हा व्हिनियर याने बसवू नका, एवढं माझ्या ज्युनिअर मंडळींना हात जोडून सांगणं.

उन्हाळ्याची गोष्ट पण सांगून टाकते, कारण इथल्या हवेत ती फार लागू होते. रेझिन सिमेंट गरमीत लवकर पक्कं होतं, एसी बंद असताना, वीज गेलेली असताना काम करायला गेलात तर कॅप अर्धी बसायच्या आतच घट्ट व्हायला लागतं, आणि कॅप उंच राहते. फ्रिजमध्ये ठेवलेली सिरिंज आधी काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. सायलेनची बाटली दुधाळ दिसायला लागली की ते संपलं, फेकून द्या, त्यात पैसे वाचवू नका. आणि पावसाळा असो की उन्हाळा, तोंडातली हवा कायम दमट असते, त्यामुळे रबर डॅम, म्हणजे दात कोरडा ठेवायला तोंडावर ताणायचं रबराचं कापड. १८६४ पासून आहे, अमेरिकेतल्या सॅनफर्ड बार्नम यांनी काढलं, आणि आजही कितीतरी ठिकाणी वापरत नाहीत कारण वेळ लागतो आणि पेशंट कुरकुरतो. पेशंट मंडळी, डॉक्टर तोंडावर रबराचं कापड ताणत असेल तर कृपा करून कुरकुरू नका, तुमच्या पैशाची कॅप त्याने जास्त टिकणार आहे.

लॅबमध्ये सिमेंटची परीक्षा घेतात तेव्हा नमुना ५ अंशांच्या आणि ५५ अंशांच्या पाण्यात आळीपाळीने बुडवतात, हजारो वेळा, साधारण दहा हजार फेऱ्या म्हणजे तोंडातलं एक वर्ष असा ढोबळ हिशोब धरतात. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, रात्री अकरा वाजता कढईतून काढलेला गरादू आणि त्यावर लगेच कुल्फी, हे आपण त्याच परीक्षेला बसतो. खा बिनधास्त, नीट चिकटवलेली कॅप एवढ्याने जात नाही. जाते ती संक्रांतीच्या चिकट चिक्कीने, गजकने, सतत सुपारी चघळण्याने आणि रात्री झोपेत दात खाण्याने. दात खात असाल तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कव्हर, वापरा, तो खर्च कॅपपेक्षा पुष्कळ कमी आहे.

किती वर्षं टिकेल, याला माझं उत्तर असं की मोठ्या अभ्यासांमध्ये पांढऱ्या सिरॅमिकच्या कॅप पाच वर्षांनी शंभरातल्या नव्वदहून जास्त शाबूत दिसतात, आणि नीट केलेल्या त्याच्या कितीतरी पुढे जातात. तुम्ही एवढंच करा की बसवायच्या दिवशी विचारा, ताई किंवा सर, सिमेंट कुठलं, आणि आतून कॅप तयार केली का. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

आणि कॅप निघालीच तर घरी तो झटपट चिकटणारा गोंद लावून बसवू नका. दर काही दिवसांनी असं कोणीतरी येतंच. त्या गोंदाचा थर आत वाळून राहतो, कॅप जागेवर बसत नाही, तिरकी पक्की होते, खाली किडलेला भाग बंद होऊन जातो, आणि मला ती कॅप कापूनच काढावी लागते. कॅपच्या आतलं खरवडूही नका, टूथपिकने कोरू नका, तशीच छोट्या डबीत घालून एक-दोन दिवसांत घेऊन या, तोपर्यंत त्या बाजूने खाऊ नका, आणि दात दुखत नसला तरी या, कारण आरसीटी झालेला दात किडला तरी दुखत नाही. नवीन बसवलेली असेल तर आठवड्याने एकदा दाखवायला या, हिरडीखाली रेझिनचा बारीक तुकडा राहिलेला असतो कधी कधी, पक्का झाल्यावर तो ब्रशने निघत नाही, हिरडी सुजत राहते आणि लोक समजतात कॅप मानवली नाही. धाग्याने साफ करताना तिथं धागा अडकत असेल, फाटत असेल, तर तेवढंच सांगा, बाकीचं आम्ही बघतो.